प्राथमिक आरोग्यसेवेची चार तत्त्वे

'प्राथमिक' या शब्दाच्या वाट्याला आपल्याकडे थोडा अन्यायच आला आहे. प्राथमिक शाळा म्हणजे खालचे वर्ग, प्राथमिक फेरी म्हणजे अंतिम फेरीच्या अलीकडची. याच चालीवर प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे ज्यांना मोठे इस्पितळ परवडत नाही त्यांच्यासाठी केलेली कमी प्रतीची सोय, असे पुष्कळांना वाटते. वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी तालुक्याच्या रस्त्यावरील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीकडे बोट दाखवतात. इमारत आणि विचार यांची ही गल्लत दूर करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही गल्लत एके काळी माझीही होती. इंदूरला शिकत असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका वस्तीत औषधवाटप केले. पावसाळ्याचे दिवस होते आणि घरोघर हगवण होती. टेबल मांडले, रांग लावली, गोळ्या दिल्या, वहीत नावे लिहिली. एका म्हाताऱ्या बाईने गोळ्यांची पुडी हातात घेतली आणि विचारले, "बेटा, ये गोली कौन-से पानी से लूँ?" वस्तीतला एकच नळ गटाराच्या कडेला होता. मी काहीच उत्तर दिले नाही, पुढचे नाव पुकारले. आमच्या अहवालात लाभार्थींची संख्या आली, तो प्रश्न आला नाही. पुढे हा विषय अभ्यासला तेव्हा ध्यानात आले की त्या बाईने एका वाक्यात सारा विषय मांडला होता.

आता तत्त्वांकडे वळू. ६ ते १२ सप्टेंबर १९७८ या काळात तत्कालीन सोव्हिएत संघातील आल्मा-आता येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी परिषद भरविली. १३४ देशांचे प्रतिनिधी तेथे जमले आणि 'इसवी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय पुढे आले. भारताला ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने रोगनिवारण आणि रोगप्रतिबंध यांची सांगड घालणारी केंद्रे खेड्यांजवळ असावीत असे सुचविले होते, आणि १९५२ पासून ती उभी राहू लागली. आल्मा-आताने आणखी एक पाऊल पुढे टाकले. आरोग्य हे डॉक्टरने द्यावयाचे दान नसून लोकांचा हक्क आणि लोकांचेच काम आहे, असे तिने सांगितले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या विचाराची चार तत्त्वे दिलेली असतात : समन्यायी वाटप, लोकसहभाग, विविध क्षेत्रांतील समन्वय आणि सुयोग्य तंत्रज्ञान. परीक्षेत ही चार नावे लिहिली की गुण मिळतात. ती प्रत्यक्षात कशी चालतात हे मात्र उदाहरणांवरूनच कळते.

पहिले उदाहरण इंदूरचेच, आणि आल्मा-आताच्या साठ वर्षे आधीचे. प्लेगने शहर हैराण झाले असताना होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला पाचारण केले. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ होते. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, उंदीर घरातल्या अडगळीत आणि कचऱ्यात वाढतात, आणि ती अडगळ सरकारी हुकमाने निघत नाही, हे त्यांनी ओळखले. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढली. तिचा मार्ग आधी ठरलेला नव्हता. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत जास्त झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवलेली असतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, अशी दवंडी दिली. घरातला कचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्था केली. मग काय विचारता? आळीआळीत चुरस लागली. मिरवणुकीत रोगांचे राक्षस आणि प्लेगचा भला थोरला उंदीर होता. शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे घालून, गळ्यात हार घालून, मानाने चालत होते. शेवटी त्या उंदराचे दहन झाले.

प्लेगची साथ ऋतुमानानेही ओसरते. तेव्हा सारे श्रेय मिरवणुकीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु लोकसहभाग म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना आहे. लोकांना नुसते बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे. त्यांच्या दिवाळीत, त्यांच्या झाडलोटीत, त्यांच्या अभिमानात आरोग्याचे काम मिसळून टाकणे म्हणजे सहभाग. नगररचना, सफाई, उत्सव आणि रोगनियंत्रण एका सूत्रात ओवले गेले, हा झाला समन्वय. या प्रयोगाची एक मर्यादाही स्पष्ट आहे. मिरवणूक एका दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी झाडू कोणाच्या हाती राहतो आणि कोणती आळी मार्गाबाहेर राहिली, हे प्रश्न उरतातच.

या प्रश्नांचे उत्तर शोधायला आपण महाराष्ट्रात येऊ. ज्या अहिल्याबाईंचे नाव इंदूरकर आजही आदराने घेतात, त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात आहे. त्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य काम करू लागले. लोकांना आधी काय हवे, असे विचारता उत्तर आले ते पाणी आणि अन्न, औषध नव्हे. लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला. आरोळ्यांनी विंधनविहिरी खोदविण्याच्या कामी लक्ष घातले आणि त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या जाव्यात असे पाहिले, म्हणजे पाण्यासाठी सर्वांनाच तेथे यावे लागेल. समन्यायी वाटप याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही. सर्वांना सारखे देणे हा त्याचा अर्थ नाही; जो सर्वांत मागे आहे त्याच्यापासून सुरुवात करणे हा आहे.

पुढे गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, लसीकरण, मुलांचे पोषण, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखणे, हे सारे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. १९७६ साली ते ५२ वर आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इंदूरची मिरवणूक एका दिवसात संपली; जामखेडची सेविका दुसऱ्या दिवशीही त्याच गावात होती. फरक एवढाच, पण तोच निर्णायक. २००५ पासून देशभर नेमल्या गेलेल्या 'आशा' कार्यकर्त्या याच विचाराच्या वारस आहेत.

चौथे तत्त्व सुयोग्य तंत्रज्ञानाचे. येथेही 'सुयोग्य' म्हणजे 'स्वस्तातले' असा अर्थ करू नये. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी रोग्यांना पाजण्याचे ठरविले. पाजणारे बहुधा रोग्यांचे नातेवाईकच होते. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. साखरेमुळे आतड्यातून मीठ शोषले जाते आणि त्याच्याबरोबर पाणीही, हे यामागचे शास्त्र प्रयोगशाळेतले. वापर मात्र आईच्या हातातला. शास्त्राला पक्के, खिशाला परवडणारे आणि लोकांच्या हाती देता येणारे ते सुयोग्य तंत्रज्ञान.

या चारही तत्त्वांना मी बाजेच्या चार पायांची उपमा देतो. तीन पायांवर बाज उभी राहिल्यासारखी दिसते. माणूस निजला की कलंडते. याचा पुरावा पुन्हा इंदूरनेच द्यावा, हे दुर्दैव. १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी पाण्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये, म्हणजे आल्मा-आताच्याच वर्षी, सुमारे सत्तर किलोमीटरवरून नर्मदेचे पाणी शहरात आले. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षे पहिले आले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे तेथील लहान पोरालाही सांगावे लागत नाही. गेडिस असते तर त्यांनी टोपी काढली असती. आणि याच शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा या वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि कित्येकांचे प्राण गेले. लोकांचा सहभाग होता, यंत्रे होती, पैसा होता. जमिनीवरचा कचरा वेचला गेला. जमिनीखालची पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी यांचा समन्वय राहिला, आणि त्याची किंमत सर्वप्रथम मोजली ती गरिबांच्या वस्तीने. ती बातमी वाचली त्या दिवशी मला शिबिरातली म्हातारी आठवली. इतक्या वर्षांनी तिचा प्रश्न तसाच उभा होता.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, 'प्राथमिक' म्हणजे खालचे नव्हे, पहिले. मूळ संकल्पनेतही तोच अर्थ आहे : आरोग्याशी माणसाची पहिली गाठ जेथे पडते ते ठिकाण. मोठी इस्पितळे हवीतच. भागीरथपुऱ्याच्या रोग्यांनाही शेवटी खाटा लागल्याच. पण पहिले काम पहिले झाले नाही, तर खाटा कितीही वाढविल्या तरी अपुऱ्याच पडणार.

या वर्षीही आपले शिबिर कोठल्यातरी गावी जाईल. औषधांची पेटी जरूर न्या. पण टेबल मांडण्यापूर्वी एक फेरी मारा. पाणी कोठून येते, शेवटचे घर कोणाचे आणि तेथवर काय पोहोचते, गावातली आशाताई काय सांगते, हे चार जणांना विचारा आणि वहीत सर्वांत आधी लिहा. आम्ही त्या वहीत नुसती नावे लिहिली होती. एखाद्या म्हातारीने काही विचारले, तर पुढचे नाव पुकारण्याची घाई करू नका.