धारोष्ण दूध, मुंबईचा दूधपुरवठा आणि पाश्चरीकरण

रुग्णास 'धारोष्ण दूध घ्यावे' असा सल्ला देताना मुंबईसारख्या शहरात ते मिळणार कोठून, याचा विचार वैद्यवर्गाने करणे आवश्यक आहे. भावप्रकाशात गाईचे धारोष्ण दूध बल्य, लघु व दीपन म्हटले आहे. मात्र धार काढल्यावर थंड झालेले तेच दूध वर्ज्य, असेही तेथेच सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत धारोष्णाचा अपवाद वगळता कच्चे दूध गुरू व अभिष्यंदी मानले असून तापविलेले दूध त्याहून हितकर ठरविले आहे. तबेल्यातून निघून काही तासांनी दारी येणारे सुटे दूध यांपैकी कोणत्या वर्गात बसते, हे उघड आहे.

मुंबईने हा प्रश्न पूर्वीच अनुभवला आहे. १९४५ साली बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली तेव्हा आणंदचे दूध चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून शहरात येई. पाश्चरीकरणाविना ते टिकणेच शक्य नव्हते. पुढे १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ आरे वसाहत उभी राहिली व शहरातील तबेल्यांतील म्हशी तेथे हलविण्यात आल्या. टोन्ड दुधाची कल्पनाही खुरोडींचीच.

पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. क्षय, ब्रुसेलोसिस इत्यादींचे जंतू त्यात नष्ट होतात. स्निग्धांश, प्रथिने व कॅल्शियम यांत विशेष फरक पडत नाही. ब१ व क जीवनसत्त्वे काहीशी घटतात. दूध पुरेसे तापले की नाही, हे फॉस्फटेज चाचणीने कळते. ब्रुसेलोसिसचे जंतू बाधित जनावराच्या कासेतूनच दुधात उतरतात. म्हणून खरेखुरे धारोष्ण दूधही, जनावराची तपासणी झालेली नसल्यास, निर्धोक म्हणता येत नाही. येथे ग्रंथवचनाचा केवळ शब्दार्थ धरून चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि पाश्चरीकृत दूध म्हणजे शास्त्रोक्त शृत दूध नव्हे. १५ सेकंदांत त्यावर पाकसंस्कार घडत नाही. क्षीरपाकासाठी १ भाग द्रव्य, ८ भाग दूध व ३२ भाग पाणी घेऊन दूध शेष राहीपर्यंत आटविण्याचा विधी पिशवीच्या दुधासही तसाच लागू आहे. (पिशवीचे दूध 'आधीच तापवलेले' म्हणून पाणी न घालता एक उकळी देऊन मोकळे होणारे काही महाभाग आम्ही पाहिले आहेत!)

औषधनिर्मात्यांनी पिशवीवरील वर्गही पाहावा. टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के, तर फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश अपेक्षित असतो. क्षीरबला तैलासारख्या कल्पात आज एक व उद्या दुसरे दूध वापरल्यास दोन घाण्यांचा पाक सारखा येणार नाही. पाठात गोदुग्ध असेल तर 'गाईचे दूध' असा उल्लेख असलेलीच पिशवी घ्यावी, कारण इतर वर्गांत गाई-म्हशींचे दूध मिसळलेले असू शकते. खरेदीच्या नोंदवहीत दुधाचा वर्ग व पिशवीवरील तारीख प्रत्येक घाण्यासोबत लिहावी.