नीळकंठशास्त्री गोरे : एका वादपटूचे जीवन

मी कॉलेजात नाव घातले तेव्हा आमच्या आजीने एकच शंका काढली, "शिकून पोरगं आपलं राहील का?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. रेव्हरंड नीळकंठशास्त्री गोरे यांचे चरित्र अभ्यासताना तिचा हा प्रश्न मला वारंवार आठवला.

गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे संस्कृत अध्ययन काशीस झाले. जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथातून ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला होता. त्याच्या खंडनार्थ गोऱ्यांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय एकोणीस-वीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच!

परंतु प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचता वाचता त्यांच्याच मनात शंका उत्पन्न झाल्या. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. पुढे १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहून त्यांनी आपल्या जुन्या मतांचीच कठोर चिकित्सा केली. १८७० साली ते अँग्लिकन पंथाचे पुरोहित झाले. याच परंपरेतील स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आपल्या शेजारच्या चांद्यास होते. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारांवरही गोऱ्यांचा प्रभाव पडला.

या प्रवासाची किंमत मोठी होती. १८५३ साली कन्या लक्ष्मी जन्मली आणि थोड्याच काळात पत्नी निवर्तली. मुलगी परक्या घरी, पुढे इंग्लंडात वाढली. गोरे मात्र विरक्त वृत्तीने राहिले व १८९५ साली मुंबईस वारले.

त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटतील असे नाही. मलाही सगळे पटत नाहीत. परंतु आपल्या शास्त्रपरंपरेत आधी पूर्वपक्ष नीट मांडावा आणि मगच उत्तर द्यावे, असा दंडक आहे. गोऱ्यांनी तो धर्म बदलल्यावरही सोडला नाही. आम्ही विद्यार्थी मात्र समोरच्याचे ऐकण्याआधीच हात उगारतो.

आजीला मी एवढेच सांगेन, की शिकलेला मुलगा जसाच्या तसा राहील याची हमी नाही. परंतु जो बदल होईल तो विचाराने व्हावा, आणि ज्यांना मागे ठेवले त्यांच्याविषयीची माया आटू नये. गोऱ्यांच्या चरित्रातून मी घेतलेला धडा तो हाच.