मोबाइलमधला खेळ आणि आपली लेकरे

मोबाइल आता घरोघरी आला आहे. बाप वावरात जातो, माय निंदायला जाते आणि पोरगं ओट्यावर बसून मोबाइल खेळते. आपण म्हणतो, "खेळू द्या, रडत तर नाही ना!" पण ते काय खेळते, हे आपण वाकून पाहत नाही.

मोबाइलमधल्या एका निराळ्या खेळाची माहिती आम्ही या धड्यात देणार आहोत. विषय नाजूक आहे. लेकराच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावला, तर त्याने काय करावे? पोरीला कोणी गोड बोलून शहरात नेतो म्हणाला, तर तिने काय करावे? असे बोलणे आपल्या घरात होत नाही. सारे गप्प बसतात, म्हणून वाईट माणसाचे फावते.

कोणी विचारील, एवढी गंभीर गोष्ट खेळातून कशी शिकवता येईल? मंडळी, ही रीत नवी नाही. पूर्वी मोक्षपट खेळत. आजची सापशिडी तीच. शिडी पुण्याची, साप पापाचा. सोंगटी सरकवता सरकवता लेकरू बरेवाईट शिके. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबाही कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. माणसाने स्वतः दिलेले उत्तर त्याच्या ध्यानात राहते. ऐकलेला उपदेश घरी जाईपर्यंत विरून जातो. शाळेत आम्ही हे पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

कोलकात्याच्या लीना केजरीवाल या छायाचित्रकार बाई आहेत. पोरींना पळवून विकतात, हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी आधी मुलीच्या आकाराच्या काळ्या आकृत्या भर वस्तीत उभ्या केल्या. पुढे २०१६ साली त्यांनी मोबाइलवरचा एक खेळ काढला. त्याचे नाव 'मिसिंग', म्हणजे हरवलेली. या खेळात खेळणारा स्वतःच ती हरवलेली मुलगी होतो. तिला कुंटणखान्यात विकले आहे. तिथून सुटायचे आहे. कोणावर भरवसा ठेवावा, कोणाला काय बोलावे, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे. चुकले तर पुन्हा अडकायचे. खेळातली चूक मोडता येते, खरी चूक मोडत नाही. म्हणून ती आधी खेळात झालेली बरी. मुलगा खेळला, तर त्यालाही घडीभर त्या पोरीच्या जागी उभे राहावे लागते. आम्हाला याचे मोल अधिक वाटते. आजवर आपण पोरींनाच सांगत आलो, नीट राहा, खाली मान घालून चाल. पोरांना काय सांगितले?

हा खेळ मोठ्या मुलांचा आहे. लहान लेकरांसाठी चाइल्डलाइन संस्थेने 'कोमल' नावाचा चित्रांचा छोटा सिनेमा काढला. तो मोबाइलवर पाहता येतो. त्यातला वाईट माणूस कोणी दरोडेखोर नाही. तो शेजारचा, ओळखीचा, खाऊ देणारा काका आहे. हे अगदी खरे आहे. सरकारी नोंदी पाहिल्या, तर बलात्काराच्या १०० गुन्ह्यांपैकी ९० हून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच निघतो. आपण मात्र लेकरांना झोळीवाल्या बुवाचे भेव दाखवतो!

मोबाइल नसला तरी अडत नाही. खडूने जमिनीवर घरे काढा आणि चिंचोके घ्या. मग विचारा, "ओळखीचा काका म्हनला, चाल वावरात बोरं खाऊ, पन मायला सांगू नोको. आता चिंचोका पुढं का मागं?" लेकरू उत्तर देईल. लगेच रागावू नका. "काहून?" एवढेच विचारा. 'मायला सांगू नको' या तीन शब्दांत खोट आहे, हे लेकराला आपले आपण सापडू द्या. मोठा मुलगा असेल तर त्याला दुसरा प्रश्न घाला. मित्राने पोरीचा फोटो चोरून काढला आणि तुला पाठवला. तू पुढे पाठवशील, की पुसून त्याला तोंडावर टोकशील?

आता मोबाइलची दुसरी बाजूही सांगतो. काही खेळांत अनोळखी माणसांशी बोलता येते. समोरचा लहान मुलाचे नाव घेऊन बोलतो, पण खरा तो चाळिशीचा बाप्या असू शकतो. आधी खेळात मदत करतो, मग फोटो मागतो, मग त्याच फोटोवरून धमकावतो. अशा वेळी फोटो आणि संदेश पुसू नयेत. पोलिसांना तोच पुरावा लागतो. आणि मुख्य म्हणजे लेकराला मारू नये. मार बसेल या भेवानेच ते धमकी देणाऱ्याचे ऐकत राहते.

आमच्या वर्गात एका बाईने विचारले, "गुरुजी, खेळ खेळून पोरगी हुशार होईन. पन घरी येऊन सांगतलं तं तिचं आयकनार कोन?" सारा वर्ग गप्प झाला. बाईचे म्हणणे रास्त आहे. पोरीने सांगितले की आपण आधी तिची शाळा बंद करतो. मग घाईने स्थळ पाहतो. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा पोरीला. हे एकदा पाहिलेली धाकटी बहीण पुढे तोंड उघडील काय?

कायदा लेकराच्या बाजूने आहे. २०१२ साली पोक्सो नावाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलीला आणि मुलालाही तो लागू आहे. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घेतात. त्या वेळी पोलिसाने गणवेश घालायचा नसतो. नाव छापता येत नाही. गुन्हा ठाऊक असून जो कळवत नाही, तोही दोषी ठरतो. मग तो मुख्याध्यापक असो की पाटील. गावच्या बैठकीत पैसे देऊन प्रकरण मिटवणे हा न्याय नव्हे.

१०९८ हा नंबर पाठ करा. १९९६ साली मुंबईत ही सेवा सुरू झाली. आता ती सरकार चालवते. दिवसा रात्री केव्हाही फोन लावा, पैसे पडत नाहीत. लेकरू स्वतःही फोन करू शकते. हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा, म्हणजे वाचता येणाऱ्या लेकराच्या नजरेला रोज पडेल.

वर्गात बोला: तुमच्या लेकराने काही सांगितले, तर तुमचा पहिला शब्द काय असेल? तो पाटीवर लिहा.