खोली मानवली पाहिजे

चिखलदऱ्यातली ऑगस्टची रात्र. दोन वाजून गेलेले. लॉजच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी लेकीला मांडीशी धरून बसले होते आणि तिचे बाबा पंप आणि स्पेसर हातात घेऊन शेजारी उभे होते. धुकं इतकं दाट, की समोरच्या खांबावरचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. लेक तेव्हा सहा वर्षांची. खोलीत नेली की खोकल्याची उबळ, बाहेर आणली की जरा शांत. पहाटेपर्यंत आमचं आत-बाहेर चाललं होतं.

अंजनगावहून निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "चिखलदऱ्याची हवा लागली का खोकला पयूनच जाईन, पायजो तू." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आजाऱ्याला हवापालटाला न्यायची रीत जुनी आहे. क्षयावर नेमकं औषध नव्हतं तेव्हा डॉक्टरही डोंगरावर पाठवत. पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम १९१२ साली निघालं ते त्याच विश्वासावर. पण आमच्या लेकीला दमा आहे, आणि त्या रात्री तिला छळत होती ती खोलीतली गादी आणि भिंतीची ओल. हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून आज दम्याच्या, ॲलर्जीच्या लेकरांच्या आई-बाबांशी हे चार शब्द.

आपण किती सहज म्हणतो, "त्या गावचं पाणी मला मानवलं नाही," "मुंबईची हवा त्याला मानवत नाही." पण "ही खोली माझ्या मुलीला मानवणार नाही" हे वाक्य काही तोंडातून निघत नाही. पाण्याला नावं ठेवली तर कोणी रागावत नाही. खोलीला ठेवली की लॉजवाल्याचा, मामाचा, आत्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी दार उघडताच मला कोंदट वास आला होता. कोपऱ्यात काळपट बुरशी दिसली होती. तरी मी गप्प राहिले. सुट्ट्यांच्या गर्दीत मुश्किलीनं खोली मिळालेली, ॲडव्हान्स भरलेला, आणि 'यांचे लय नखरे' असं कोणी म्हणू नये एवढीच चिंता. माझी भीड रात्रभर लेकीच्या छातीवर बसली.

आता त्या गादीत काय होतं ते सांगते. गाद्या, उशा, गालिचे यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे राहतात. डॉक्टर त्यांना डस्ट माइट म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात. ते चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा धुळीबरोबर श्वासात जाते आणि ज्यांना ती सोसत नाही त्यांच्या श्वासनळ्या आवळतात. या किड्यांना पाणी प्यायला तोंड लावावं लागत नाही, हवेतली आर्द्रताच ते शोषून घेतात. म्हणून दमट जागी त्यांची चंगळ, आणि आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून मरतात.

म्हणजे बघा, सुमारे ११०० मीटर उंचीवरचा चिखलदरा फेब्रुवारीत आमच्या लेकीला मानवू शकतो. पण ऑगस्टमध्ये जिथे वाळत टाकलेला रुमाल तीन दिवस ओला राहतो, तिथली गादी मानवणं कठीण. उलट ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, ते आपलं चाळीस-पंचेचाळीस अंशांचं वऱ्हाडी ऊन या किड्यांचा काळ आहे. आपल्या आज्या उन्हाळ्यात गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकून काठीनं झोडपायच्या, तेव्हा त्यांना डस्ट माइट हा शब्द ठाऊक नव्हता, पण काम नेमकं तेच होत होतं. (झोडपताना लेकरू मात्र जवळ नको.) याच उन्हाळ्यात आपण घात करतो तो कुलरनं. बंद खोलीत रात्रभर ओला वारा, टाकीतलं आठ दिवसांचं पाणी, गेल्या वर्षीचं कुजकट वासाचं गवत. अशा कुलरसमोर मूल झोपवायचं आणि सकाळी म्हणायचं, उन्हाळ्यात कसा काय खोकला? लॉजमध्ये कुलर असेल तर टाकी कधी धुतली ते विचारा. मनाजोगतं उत्तर मिळालं नाही तर नुसता पंखा आणि उघडी खिडकी बरी.

पण आमची यादी ती तुमची यादी नव्हे. कोणाला ओल सोसत नाही, कोणाला उदबत्ती. कोणाला मांजर, कोणाला गाजरगवताचे परागकण. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलेलं हे गवत आता कुठल्या लॉजच्या मागे नाही? कापसाच्या हंगामात जिनिंगजवळची खोली कोणाला बाधते, तर संत्र्याच्या बागेतलं सुंदर कृषी पर्यटन केंद्र नेमकं फवारणीच्या आठवड्यात कोणाला दवाखान्यात नेतं. म्हणून आधी एक वही घाला. खोकला कधी आला, कुठे आला, त्या दिवशी घरात काय वेगळं झालं होतं, एवढंच लिहा. दोन-तीन महिन्यांत वही बोलू लागते. ती डॉक्टरांना दाखवा, गरज वाटली तर ते तपासणी सांगतील. आमच्या वहीत तीन गोष्टी पुन्हापुन्हा आल्या: ओल, मच्छर अगरबत्ती आणि ताजा ऑइल पेंट. तिन्ही कळल्यावर निम्मी भीती गेली. सगळंच वाईट असतं तेव्हा माणूस घरी बसतो. तीनच गोष्टी वाईट असल्या की त्या टाळून बाहेर पडता येतं.

मग खोली शोधायची कशी? फोनवर. संगणकावरचे फोटो बघून नाही, फोटोला वास येत नाही. आणि फोनवर "खोली स्वच्छ आहे ना?" असं कधी विचारू नका. त्याला जगातला प्रत्येक मॅनेजर "एकदम स्वच्छ, ताई" हेच म्हणतो. ज्याचं उत्तर नुसतं हो-नाही देता येत नाही, असं विचारा. गाद्या उन्हात शेवटच्या कधी टाकल्या? खिडकी कुठे उघडते, मोकळ्यावर की जिन्यात? डासांसाठी रात्री काय लावता? रंग कधी दिला? या शेवटच्या प्रश्नाला एकदा मला उत्तर मिळालं होतं, "तुमच्यासाठी परवाच नवाकोरा रंग मारून ठेवला!" त्या बिचाऱ्याच्या आनंदावर पाणी ओतताना मला वाईट वाटलं, पण मी जुन्या रंगाची खोली मागून घेतली.

पुढच्या दोन गोष्टी सांगून ठेवायच्या. आम्ही यायच्या आधी खोली ओल्या फडक्यानं पुसा, साध्या पाण्यानं. आणि रूम फ्रेशनर मारू नका, कपाटात डांबर गोळ्या असतील तर काढा. डांबर गोळ्यांचा वास दमेकऱ्याला त्रास देतोच. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मतः कमतरता असते, त्या मुलांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. सिगारेटचंही आधीच विचारा. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, पण तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला त्यासाठी वेगळी सोय ठेवायची मुभा आहे. आपली खोली त्या बाजूची नको. पडद्यात मुरलेला धूर आठवडाभर निघत नाही.

पोहोचलात की पोराला बाबांबरोबर बाहेर चहाच्या टपरीपाशी उभं करा आणि आईनं एकटीनं आत जायचं. खिडक्या उघडायच्या, पंखा लावायचा, पाच मिनिटं श्वास घ्यायचा. पलंगामागची भिंत बघायची, गादीचा कोपरा उचलून वास घ्यायचा. सामान मात्र उतरवायचं नाही. सामान एकदा आत आलं की आपण त्या खोलीचे होतो आणि भीड परत येते. पटली नाही तर दुसरी दाखवा म्हणायचं. आमच्या गाठोड्यात घरची उशी, साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतलेल्या दोन चादरी, गादीवर घालायची चेनची खोळ आणि एक मच्छरदाणी असते. मच्छरदाणी असली की कॉइलचा वादच मिटतो.

औषधाचं एकच सांगते, कारण ते डॉक्टरांचं काम आहे. रोजचा पंप प्रवासात बंद करू नका. "पंपाची सवय लागते" हे ऐकून ऐकून आपले कान किटले. सवय लागत नाही, आजार ताब्यात राहतो. आपल्या अंजनगावच्या मळ्यांतली पानपिंपरी खोकल्यावर मधातून चाटवायची पद्धत आहे. आजीनं प्रेमानं पुढे केलेल्या चाटणाला नाही म्हणणं जड जातं, पण दम्याच्या झटक्यात पंपाची जागा त्या चाटणाला देऊ नका. त्रास वाढला तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि मुलाला एक वाक्य सलग बोलता येईना, फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर दिसले, तर मग पंप देत देत थेट दवाखाना. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी घाट उतरून परतवाडा-अचलपूर गाठायला रात्री तासभर तरी जातो. म्हणून खोली ठरवतानाच जवळचा दवाखाना आणि रात्री गाडी काढणारा माणूस ठरवून ठेवायचा.

लॉजवाल्याशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं. खरी परीक्षा नातेवाइकांच्या घरी आणि लग्नात. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये बिछायत केंद्राच्या गाद्यांची रांग. त्या गाद्या किती गावं फिरून आल्या आणि कोणत्या गोदामात पावसाळा काढून आल्या, देव जाणे. तिथे आमची लेक तिच्या चादरीसह खुर्च्या जोडून झोपते. पहिल्यांदा आत्याबाई रुसल्या. "आमच्या गाद्याईले का काटे आहेत का व?" मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "आधी काऊन नाई सांगतलं?" पुढच्या लग्नात त्यांनी आपणहून गच्चीवरची खोली झाडून-पुसून ठेवली होती, धूप न लावता. लोक वाईट नसतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि सांगायचं काम आपलं असतं.

कधी संकोच वाटलाच, तर मी आपल्याच तालुक्यातल्या शेंडगावची आठवण काढते. २३ फेब्रुवारी १८७६ ला तिथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी घर बांधलं नाही, पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरीवर टेकू देत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा. मुंबईत दवाखान्याबाहेर फुटपाथवर पडणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा. कोणाला कुठे टेकता येत नाही, हे आधी बघायचं आणि मग बांधायचं, असा त्यांचा क्रम. अडलेल्या माणसाला मानवेल अशी जागा देणं हे या मातीत पुण्याचं काम समजलं जातं. ती मागण्यात कमीपणा कसला? एवढंच की बाबांचा खराटा आपल्या लेकरासमोर कोरडा फिरवायचा नाही. आधी पाण्याचा शिंतोडा.

जगातही याचा विचार होऊ लागलाय. रसायनांचे वास न सोसणाऱ्या माणसांसाठी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराच्या कडेला २०१३ च्या अखेरीस एक अख्खी इमारत उभी राहिली; तिथे अत्तर आणि सिगारेट दोन्हींना मनाई. आपल्याकडे तसं व्हायला वेळ लागेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात २६ कोटींहून जास्त लोकांना दमा होता. एवढ्यांच्या आई-बाबांनी गाद्या उन्हात टाकल्या का म्हणून विचारायला सुरुवात केली, तर लॉजवाले गाद्या उन्हात टाकू लागतील. गिऱ्हाईक विचारतं तेच दुकानात येतं.

शेवटची गोष्ट लेकरासाठी. तिच्या देखत "हिच्यामुळे कुठे जाता येत नाही" असं चुकूनही म्हणू नका. मी म्हटलंय, एकदा. त्यानंतर ती खोकला दाबू लागली, उशीत तोंड खुपसून. ते मला दुसऱ्या रात्री कळलं आणि मी रडले. तेव्हापासून वही तिच्या हातात दिली. आता ती स्वतः लिहिते, कुठली खोली मानवली, कुठली नाही, आणि वर शेरेही मारते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा चिखलदऱ्याला गेलो. लेक आता अकरा वर्षांची. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, देवी पॉइंटवरून खालची दरी लख्ख दिसत होती. लॉज वेगळा होता. मी काउंटरवर रजिस्टर भरत होते, तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "काका, गाद्या उन्हात कधी टाकल्या होत्या?"

किल्ली घेऊन उभा असलेला माणूस गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी रजिस्टरमध्ये बघत राहिले. मग त्यानं डोकं खाजवलं.

"नाई टाकल्या, बेटा," तो म्हणाला. "पन आता टाकतो."