कॅज्युअल्टीतल्या लेकीच्या खिशात कोणतं पुस्तक?



आपल्या वस्त्यांमधून आता मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला जातात, काही मुलं एमबीबीएसची इंटर्नशिप करतात. कॅज्युअल्टीची ड्यूटी लागली की घरी मागणी येते, "इमर्जन्सीचं एक खिशातलं पुस्तक घ्यायचंय." किंमत ऐकून वडील विचारतात, कॉलेजची एवढी जाड पुस्तकं असताना हे आणखी कशाला? प्रश्न रास्त आहे.

जाड पुस्तक आजार समजण्यासाठी असतं. रात्री दोन वाजता विष प्यालेला माणूस स्ट्रेचरवर येतो तेव्हा हवं असतं ते एवढंच: औषध किती, कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून डॉक्टर आहेत, ती मुलं बाजूला जाऊन मामाला फोन लावतात. आपल्या मुलांना असा मामा नाही. सीनियरला विचारायलाच हवं, आणि न लाजता विचारायला हवं. पण शंका विचारली की "कोट्यातली" असा टोमणा मिळतो, अशा वॉर्डात मूल विचारणं टाळतं. त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि तो बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो. म्हणून हे पुस्तक चैन नाही. मात्र दुकानदार देईल ते उचलू नका.

बाजारात मिळणारी बरीचशी पुस्तकं ब्रिटिश नाहीतर अमेरिकन असतात. 'ऑक्सफर्ड हँडबुक ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'सारखी पुस्तकं चांगलीच आहेत, पण ती तिथल्या दवाखान्यासाठी लिहिलेली. दुकानात उभ्या उभ्या मुलीला सर्पदंशाचं पान उघडायला सांगा. ब्रिटनमध्ये रानात विषारी साप एकाच जातीचा. अमेरिकेच्या पुस्तकात रॅटलस्नेक. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे, आणि या चौघांवर एकच प्रतिसर्पविष. पान कामाचं असेल तर त्यात या चौघांची नावं असतील, साध्या काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं ठेवून ते गोठतं का हे पाहण्याची चाचणी असेल, आणि लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस द्यायचा हे असेल. साप मूल बघून विष कमी सोडत नाही! मुलांचे बाकी जवळपास सगळे डोस वजनावर असतात, म्हणून नवशिका इथे हमखास अडखळतो.

मग विंचवाचं पान. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी वापरून दाखवलं. त्यांचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. कोकणात पोस्टिंग असेल आणि पुस्तकात प्राझोसिन नसेल तर ते तिथे अपुरं आहे. तसंच फवारणीच्या औषधाचं. ॲट्रोपिन दर थोड्या मिनिटांनी दुप्पट करत छातीतलं पाणी सुकेपर्यंत द्यायचं असतं, नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहून थांबायचं नसतं. हे ज्या पुस्तकात स्पष्ट आहे ते आपल्या शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या उपयोगाचं.

परदेशी पुस्तक आधीच घेतलं असेल तर फेकू नका, पण दोन गोष्टी पहिल्या पानावर लिहून ठेवा. ब्रिटिश पुस्तकात रक्तातली साखर वेगळ्या मापात असते. त्यांचा आकडा गुणिले 18 केला की आपला येतो, म्हणजे त्यांचे 4 ते आपले 72. आणि अमेरिकन नावं: एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रिनलिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल.

छपाईचं वर्ष बघा. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाला आधी श्वास द्यायला सांगणारं पुस्तक 2010 पूर्वीच्या पद्धतीचं. आता आधी छाती दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा. जुन्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात काय किंवा फोर्टच्या फुटपाथवर काय, कादंबरी खुशाल घ्या. डोसचं पुस्तक घेताना वर्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. झेरॉक्स प्रत तर नकोच. ॲलर्जीच्या झटक्यात मोठ्या माणसाला ॲड्रिनलिन स्नायूत 0.5 मिलिग्रॅम देतात. पुसट झेरॉक्समध्ये तो टिंब उडाला की 0.5 चे 5 होतात. दहापट.

नर्सिंगच्या मुलीनं डॉक्टरांचंच पुस्तक घ्यावं असंही नाही. निदानाची पानं तिला कमी लागतात. कोणतं औषध कशात विरघळवायचं, सलाईनमधून मिनिटाला किती थेंब, कोणतं औषध कशासोबत चालत नाही, हे तक्ते तिच्या कामाचे. अक्षर ट्यूबलाईटच्या उजेडात वाचता यावं आणि पुस्तक ॲप्रनच्या खिशात मावावं. बॅगेत राहिलेलं पुस्तक वेळेला सापडत नाही.

मोबाईलवर सगळं मिळतं, असं मुलं म्हणतात. मिळतं, आणि सर्पदंशाच्या सरकारी उपचार-सूचना तर फुकट उतरवता येतात, त्या जरूर घ्याव्यात. पण बॅटरी संपते, रेंज जाते. शिवाय रुग्ण तडफडत असताना सिस्टर मोबाईल बघतेय म्हटल्यावर नातेवाईक भडकतात. पुस्तक उघडणाऱ्या सिस्टरवर सहसा कोणी ओरडत नाही.

पैशाचं म्हणाल तर 14 एप्रिलच्या गुणगौरवात शाल आणि ट्रॉफी देतो, त्याऐवजी जयंती मंडळानं वैद्यकीय शाखेच्या मुलांना हे पुस्तक द्यावं. कोणतं ते मुलालाच निवडू द्या, नाहीतर चार मुलांना एकच परदेशी पुस्तक वाटलं जाईल.

घरच्यांसाठी एक सूचना. हे पुस्तक घरात उपचार करायला नाही. त्यातले डोस इंजेक्शनचे, मॉनिटर लावलेल्या रुग्णासाठीचे असतात. शेजारी कोणी पडलं तर 108 ला फोन करा आणि साप चावलेला हातपाय न हलवता दवाखान्यात पोहोचवा. दोरीनं आवळू नका, कापू नका, मंत्राच्या नादी लागू नका.

आणि नवी आवृत्ती घेतली की जुनी विहाराच्या ग्रंथालयात ठेवण्याची आपली पद्धत आहे. इतर पुस्तकांबाबत ती चांगली आहे. डोसचं पुस्तक ठेवायचंच असेल तर मुखपृष्ठावर लाल शाईनं वर्ष आणि "डोससाठी वापरू नये" एवढं लिहा, मगच कपाटात ठेवा.