सर्व्हरचा निरोप वाचणार कोण?

चेक बाउन्स झाला तर व्यापारी बँकेचा मेमो गल्ल्यात टाकून विसरत नाही. १९८९ पासून लागू असलेल्या कलम १३८ प्रमाणे, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. ई-मेलही असाच बाउन्स होतो व त्याच्याबरोबरही कारणाचा मेमो येतो. पण तो इंग्रजीत असतो आणि 'मेलर-डेमन' अशा विचित्र नावाने येतो, म्हणून न वाचताच पुसला जातो. आपला दर गिऱ्हाईकापर्यंत पोहोचलाच नव्हता, हे मग सौदा दुसरीकडे गेल्यावर कळते.

अकोल्याची डाळ मिल असो की अमरावतीचे कापड दुकान, ज्यांनी स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन लिनक्स सर्व्हरवर ई-मेल सुरू केले आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. उदाहरण म्हणून 'पोस्टफिक्स' हा प्रोग्रॅम घेऊ. विट्से वेनेमा यांनी तयार केलेला हा प्रोग्रॅम १९९८ पासून विनामूल्य मिळतो. पुढे दिलेली आज्ञांची नावे संगणकावर इंग्रजी अक्षरांत टाईप करावीत.

आकडा पाहा, कारण कळेल

परत आलेल्या मेलमध्ये तीन अंकी आकडा असतो. पहिला अंक ५ असेल तर नकार कायमचा समजावा. तीच मेल तशीच पुन्हा पाठवून उपयोग नाही. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती असते व सर्व्हर स्वतःच पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. त्यापुढील टिंबांचा आकडा कारण सांगतो :

५.१.१ – असा पत्ताच नाही. स्पेलिंग तपासा, फोन करून खरा पत्ता घ्या.

५.२.२ – समोरच्याची पेटी भरली आहे. त्याला फोनवर कळवा.

५.७.१ – धोरण म्हणून नाकारले. बहुधा आपल्या सर्व्हरवर विश्वास नाही.

तात्पुरत्या अडचणीत एक मोठा धोका लपलेला आहे. पोस्टफिक्स मूळ मांडणीत ५ दिवस प्रयत्न करतो आणि त्यानंतरच मेल परत करतो. मधल्या काळात पाठवणाऱ्याला काहीच कळवत नाही. ५ दिवसांत तुरीचा भाव कुठल्या कुठे जातो! यासाठी 'डिले वॉर्निंग टाईम' ही किंमत शून्यावरून ४ तास करावी. म्हणजे मेल अडकल्याची सूचना त्याच दिवशी मिळेल. अडकलेल्या मेलची यादी 'मेलक्यू' या आज्ञेने दिसते.

रूटची पेटी उघडा

सर्व्हर स्वतःच्या तब्येतीचे निरोप 'रूट' या मुख्य खात्याला पाठवतो. रात्रीचा बॅकअप बंद पडला, जोडीने चालणाऱ्या दोन डिस्कपैकी एक बिघडली, असे हे निरोप असतात. दुसरी डिस्क चालू असल्याने काम थांबत नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. तीही गेली की हिशोबासकट सर्व जाते. एवढा मोठा इशारा कोणीही न उघडणाऱ्या पेटीत पडून राहतो.

उपाय दोन ओळींचा आहे. 'एलियासेस' या फाईलमध्ये 'पोस्टमास्टर'पुढे 'रूट' लिहावे आणि 'रूट'पुढे रोज मेल वाचणाऱ्या माणसाचा पत्ता. नंतर 'न्यूएलियासेस' ही आज्ञा द्यावी. शक्यतो दोन माणसांचे पत्ते द्यावेत व त्यांतील एक याच सर्व्हरवरचा नसावा. ईदच्या सुट्टीत एक गावी गेला तरी दुसरा पाहील. 'पोस्टमास्टर' हा पत्ता चालू ठेवणे तर ई-मेलच्या जागतिक नियमांतच आहे. तक्रारींसाठी 'अ‍ॅब्यूज' हा पत्ताही १९९७ पासून रूढ आहे. आपल्या नावाने गैरमेल जात असेल तर बाहेरचे लोक तेथेच कळवतात.

न पाठवलेल्या मेलचे बाउन्स

आपण न पाठवलेल्या मेल शेकड्याने परत येऊ लागल्या तर बहुधा दोन शक्यता असतात. कोणी आपला पत्ता खोटा लावला आहे, किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीस गेला आहे. मेल-लॉग पाहावा. त्या मेल आपल्याच सर्व्हरवरून गेल्याचे दिसले तर पासवर्ड ताबडतोब बदलावा. पत्त्याचा खोटा वापर रोखण्यासाठी डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून पहिल्या दोनपैकी किमान एक नोंद मागते.

उलट बाजूही सांभाळावी. नसलेल्या पत्त्यावर आलेली मेल सर्व्हरने दारातच नाकारावी. आत घेऊन मग परत पाठवली, तर ती बहुधा खोट्या नावामागच्या निरपराध माणसाकडे जाते व आपले नाव काळ्या यादीत येऊ शकते. बाउन्सच्या निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम रिकामा असतो. असे निरोप सरसकट अडवू नयेत.

रोज दहा मिनिटे

दुकान उघडल्यावर रूटची पेटी, अडकलेल्या मेलची यादी आणि परत आलेल्या मेल, एवढे पाहावे. ज्यांचा सर्व्हर दुसरा कोणी सांभाळतो, त्या कारागीर बंधूंनी त्याला एकच प्रश्न विचारावा : "पोस्टमास्टरची मेल कोण वाचतो?" उत्तरात माणसाचे नाव आले नाही, तर पुढच्या वर्षाचे पैसे भरण्याआधी ते नाव ठरवून घ्यावे.