आधी संगीत, मग साधन
भिलाईजवळील गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी, म्हणजे छत्तीसगढी महाभारतगायन, देशोदेशी पोहोचविले. या गायनावर प्रकल्प करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने संगणकावरील कोणती संगीतप्रणाली निवडावी? एलएमएमएस ही प्रणाली विनामूल्य असून तिच्यात तयार ध्वनी जुळवून चाल बांधता येते. मात्र तिची मांडणी समान मात्रांच्या चौकटीवर आधारलेली असते. पंडवानीची गायिका तर प्रसंगानुसार लय वाढविते, मध्येच थांबते, गाता गाता बोलू लागते. ही लवचीक लय चौकटीत बसविल्यास कथेचा प्राणच हरपेल. म्हणून येथे ऑडॅसिटी ही २००० साली प्रथम प्रसृत झालेली विनामूल्य प्रणाली अधिक उपयुक्त ठरते. तिच्यात प्रत्यक्ष गायनाचे ध्वनिमुद्रण व काटछाट सहज करता येते. नवशिक्याने आधी संगीताचे स्वरूप जाणावे आणि त्यास अनुरूप साधन निवडावे.